माल बाजारात नेण्याआधी पेटंट: कोणतं काम कोणत्या तारखेला

नवीन औजार, यंत्र किंवा भांडं तयार झालं की वर्कशॉपवाल्याला ते दाखवायची घाई असते. दोन ओळखीच्या डीलरना दाखवू, एखाद्या प्रदर्शनात मांडू, मागणी आली की मग पेटंटचं बघू, असा बहुतेकांचा क्रम. हा क्रमच उलटा आहे. अर्ज चांगला असो की वाईट, आधी तपासलं जातं ते एवढंच, की अर्जाच्या तारखेपूर्वी ही वस्तू लोकांसमोर आली होती का. आली असेल आणि कायद्यातल्या मोजक्या अपवादांत बसत नसेल, तर पुढे कितीही हुशार एजंट लावला तरी उपयोग नाही.

खालची माहिती भारतातल्या अर्जासाठी आहे. पेटंट कायदा १९७०चा, नियम २००३चे, आणि नियमांत १५ मार्च २०२४ पासून मोठे बदल झाले आहेत. त्याआधीचे लेख वाचून मुदती ठरवू नका. परीक्षणाच्या विनंतीला, म्हणजे कार्यालयाने अर्ज तपासावा असं सांगायला, ४८ महिने असतात, असं त्यांत अजून सापडतं. आता ते ३१ महिने आहेत.

उदाहरणासाठी एक वस्तू धरू. द्राक्षबागेत ट्रॅक्टरमागे ओढायचा फवारणी ब्लोअर. ओळ संपली की ट्रॅक्टर वळतो, पण नोझल चालूच राहतात आणि औषध बांधावर, रस्त्यावर जातं. समजा, ओढायच्या दांड्याचा कोन बदलला की एक कळ ओढली जाते आणि बाहेरच्या बाजूचे नोझल आपोआप बंद होतात, अशी जोडणी तुम्ही बसवली. जगात कुणी आधी केली असेल की नाही, तो प्रश्न सध्या बाजूला ठेवू.

‘दाखवलं’ म्हणजे काय

प्रकाशन जगात कुठेही झालं तरी मोजलं जातं. सार्वजनिक वापर भारतातला मोजला जातो. प्रकाशन म्हणजे फक्त मासिकातला लेख नव्हे. यूट्यूबवरचा व्हिडिओ, इन्स्टाग्रामची रील, छापील पत्रक, वेबसाइटवरचा कॅटलॉग, टेंडरसोबत जोडलेलं ड्रॉइंग, कॉलेजच्या प्रोजेक्टचा ग्रंथालयात ठेवलेला अहवाल हे सगळं त्यात येतं. व्हॉट्सॲपवर एका माणसाला विश्वासाने पाठवलेला फोटो वेगळा आणि अडीचशे डीलरच्या ग्रुपवर टाकलेला फोटो वेगळा. ग्रुपवरच्या फोटोला कोर्टात ‘गोपनीय’ म्हणणं अवघड आहे.

विक्री तर सरळच. एक नग विकला, बिल फाडलं, तर तो पुरावा तुमच्याच फायलीत तयार होतो. आणि इथे बऱ्याच जणांना ठाऊक नसलेली एक अडचण आहे. वस्तू दाखवली नाही, पण ती बनवायची पद्धत गुप्त ठेवून दोन वर्षं तिच्यावर धंदा केला, तर त्या पद्धतीचं नंतर घेतलेलं पेटंटही कलम ६४ खाली रद्द होऊ शकतं. आपणच केलेला गुप्त व्यापारी वापरही चालत नाही. वाजवी चाचणीपुरता केलेला गुप्त वापर तेवढा माफ आहे.

किती कमी दाखवलं तर चालतं, याचा अंदाज यावा म्हणून दोन जुने खटले. शिडाच्या फळीचं, म्हणजे विंडसर्फिंगचं पेटंट इंग्लंडच्या कोर्टात १९८५ साली टिकलं नाही. त्याला एक मोठं कारण असं, की १९५८ साली हेलिंग बेटावर पीटर चिल्व्हर्स नावाच्या १२ वर्षांच्या मुलाने घरी बनवलेली तशी फळी उघड्या पाण्यात चालवली होती. दुसरा खटला ॲपलचा. ९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी मंचावर आयफोन दाखवला, आणि पडद्यावरची यादी टोकाला पोचली की रबरासारखी ताणून मागे कशी येते हेही दाखवलं. त्या करामतीच्या अर्जाची तारीख नंतरची. अमेरिकेत स्वतःच्या प्रकटनानंतर वर्षभराची सवलत मिळते, युरोपात मिळत नाही. जर्मनीच्या फेडरल पेटंट कोर्टाने २०१३ साली पेटंट रद्द केलं ते कंपनीच्याच कार्यक्रमाचा व्हिडिओ पाहून.

भारतातल्या सवलती अरुंद आहेत. कलम ३१ नुसार प्रदर्शनात मांडलेल्या वस्तूसाठी १२ महिन्यांत अर्ज करता येतो, पण त्या प्रदर्शनाला केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून हे कलम लागू केलेलं असलं पाहिजे. मोशीला किंवा गोरेगावला स्टॉल घेतला म्हणजे सवलत मिळाली, असं अजिबात नाही. आयोजकांकडे अधिसूचनेची प्रत मागा. ‘सगळं असतं हो सर’ हे उत्तर म्हणजे प्रत नव्हे. विद्वत्संस्थेपुढे वाचलेल्या निबंधालाही अशीच १२ महिन्यांची मुभा आहे. ही सवलत घ्यायची तर २०२४ पासून फॉर्म ३१ शुल्कासह भरावा लागतो.

कलम ३२ आपल्या ब्लोअरला लागू होण्यासारखं आहे. वस्तूच अशी असेल की चाचणी चारचौघांतच घ्यावी लागते, तर अर्जाच्या आधीच्या एका वर्षात घेतलेली वाजवी चाचणी आड येत नाही. मात्र ‘वाजवी’ आणि ‘आवश्यक’ सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. त्यामुळे या कलमाच्या भरवशावर चाचण्या आखू नका, चूक झाली तर ते शेवटचा आधार म्हणून राहू द्या.

चाचणी आणि जॉबवर्क अर्जाआधी कसं करायचं

चाचणी शक्यतो स्वतःच्या किंवा जवळच्या नात्यातल्या बागेत, रस्त्यापासून आतल्या प्लॉटमध्ये. बागायतदाराशी एक पानाचा गोपनीयता करार करा. त्यात चार गोष्टी असल्या म्हणजे पुरे: यंत्र विकलेलं नसून चाचणीसाठी दिलं आहे, फोटो-व्हिडिओ काढायचे नाहीत, दुसऱ्याला दाखवायचं नाही, सुचवलेल्या सुधारणांवर हक्क कुणाचा. पैसे घेऊ नका, अगदी डिझेलचेही नको. पैसे आले की चाचणीची विक्री झाली, असा युक्तिवाद समोरच्याला आयता मिळतो. एक वही ठेवा: तारीख, प्लॉट, हजर असलेली माणसं, काय बदललं, काय निकाल आला. ट्रॅक्टर चालवणाऱ्या गड्याचीही सही घ्या, कारण बाहेर गेलेले व्हिडिओ बहुतेक वेळा त्याच्याच मोबाइलमधले असतात.

जॉबवर्कचं काम वाटून द्या. पत्रा एकाकडे लेझर कटिंगला, व्हॉल्व्हचा भाग दुसऱ्याकडे टर्निंगला, पावडर कोटिंग तिसऱ्याकडे, जुळणी आपल्या शेडमध्ये. ड्रॉइंगवर वस्तूचं नाव न घालता फक्त पार्ट नंबर घाला आणि ‘गोपनीय’ असं लिहा. डाय बनवणाऱ्याला मात्र पूर्ण आकार दिसतोच, म्हणून त्याच्याशी करार केल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

नाव कुणाचं

संशोधक म्हणजे ज्याने कल्पना पुरवली तो. पैसे घालणारा किंवा शेडचा मालक, एवढ्याने कुणी संशोधक होत नाही. फॅब्रिकेटरने तुमच्या ड्रॉइंगबरहुकूम वेल्डिंग केलं असेल तर तो संशोधक नाही. पण ‘साहेब, केबलऐवजी रॉड टाका, आणि प्रेशर परत टाकीत सोडा’ हे त्याने सुचवलं आणि तेच तुम्ही क्लेम करणार असाल, म्हणजे अर्जात ‘हे माझं’ म्हणून त्यावर हक्क सांगणार असाल, तर त्याचं नाव संशोधक म्हणून घालून हक्क स्वतःकडे लेखी लिहून घ्यायला हवेत. नाव गाळलं तर पुढे हाच माणूस तुमच्या स्पर्धकाचा साक्षीदार बनतो. अर्ज संशोधकाशिवाय दुसऱ्याच्या, म्हणजे कंपनीच्या वगैरे नावे असेल, तर हक्काचा पुरावा अर्जानंतर ६ महिन्यांत द्यायचा असतो. प्रोप्रायटरी फर्म असेल तर अर्ज मालकाच्या स्वतःच्या नावाने करा, कारण फर्मला वेगळं कायदेशीर अस्तित्व नसतं.

शोधाशोध

ही कल्पना आधी कुणी केली आहे का, हे शोधायला दोन संध्याकाळी बसा. इनपास ही भारतीय पेटंट कार्यालयाची पेटंट शोधायची साइट, जोडीला एस्पेसनेट, गूगल पेटंट्स आणि पेटंटस्कोप. चारही फुकट आहेत. नुसत्या शब्दांनी शोधू नका, कारण तुम्ही ‘ब्लोअर’ म्हणता त्याला दुसरा ‘बागेसाठी हवेच्या साहाय्याने चालणारं फवारणी साधन’ म्हणतो. वर्गीकरणाचा कोड घाला. कीड-रोगांवरच्या द्रव फवारणी यंत्रांचा मुख्य गट ए०१एम ७/०० आहे, तर नोझल आणि फवारणीची सर्वसाधारण साधनं बी०५बी मध्ये सापडतात. अगदी जवळचं वाटेल ते पेटंट उघडून त्यात उल्लेखलेली जुनी पेटंटं बघत मागे जा. यूट्यूबवर परदेशी बागांचे व्हिडिओही बघा, परीक्षकही बघू शकतो.

हा शोध कधीच पूर्ण होत नाही. गेल्या १८ महिन्यांतले अर्ज अजून प्रसिद्धच झालेले नसतात. शिवाय शोधातून दुसरीच एक गोष्ट कळू शकते: तुमच्या जोडणीखालचा मूळ पंप किंवा पंखा कुणाच्या तरी भारतात चालू असलेल्या पेटंटमध्ये येतो. स्वतःला पेटंट मिळालं म्हणजे विकायची परवानगी मिळाली, असं होत नाही. पेटंटने दुसऱ्याला अडवता येतं, एवढंच.

याच टप्प्यावर कलम ३ वाचून काढा. ओळखीच्या दोन यंत्रांना नुसतं एकाशेजारी एक बसवलं आणि दोन्ही आपापलं काम वेगवेगळं करत राहिली, तर तो शोध नाही. शेती किंवा बागायतीची पद्धत पेटंटयोग्य नाही. म्हणून आपल्या उदाहरणात ‘वळताना फवारणी बंद ठेवायची पद्धत’ असा क्लेम करू नका, ‘जोडणी’चा करा. नुसत्या ॲपच्या प्रोग्रामलाही पेटंट मिळत नाही. आणि ‘वर्कशॉपमधला कुणीही मिस्त्री हे सुचवेल’ या आक्षेपाची तयारी ठेवा. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात भांडी लेथवर धरून ठेवायच्या साधनाचं पेटंट होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ते रद्द ठरवलं, कारण जुन्याच साधनात केलेला तो किरकोळ बदल होता.

प्रोव्हिजनल: नेमकं कधी

प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या वर्णनाचा, अर्ज केला की त्या दिवसाची तारीख तुमच्या नावे लागते आणि कम्प्लीट स्पेसिफिकेशनला, म्हणजे पूर्ण वर्णनाला, १२ महिने मिळतात. मुदत चुकली तर अर्ज सोडून दिल्याचं धरतात. ‘दोन दिवस उशीर झाला, दंड भरतो’ असं इथे चालत नाही.

फार लवकर अर्ज करणं हीसुद्धा चूकच आहे. वहीतल्या स्केचवर अर्ज केला, मग डायला पाच महिने गेले, पंपाचा पुरवठादार बदलला, द्राक्षाचा हंगाम निघून गेला आणि बारावा महिना उजाडला तेव्हा यंत्र एकाही बागेत नीट चाललेलं नाही, अशी गत होते. चांगली वेळ म्हणजे पहिलं चालतं मॉडेल हाती आलं आहे, ते का चालतं हे कळलं आहे, आणि करार न केलेल्या पहिल्या माणसाला ते अजून दिसलेलं नाही. डीलरची मीटिंग ठरली असेल तर तिच्या आधी किमान एक आठवडा. पोर्टलवर डिजिटल सही चालली नाही, नावात चूक निघाली, पेमेंट अडकलं, या गोष्टी होतात आणि त्या हमखास शेवटच्या दिवशी होतात.

बारा महिन्यांत काम होणारच नाही असं दिसलं आणि तोवर काहीच उघड झालेलं नसेल, तर अर्जाची तारीख जास्तीत जास्त ६ महिने पुढे सरकवून घेता येते किंवा अर्ज सोडून नव्याने करता येतो. सोडलेला प्रोव्हिजनल प्रसिद्ध होत नाही. दोन्ही वाटांनी जुनी तारीख जाते. मध्येच एखादा नग विकला असेल तर या दोन्ही वाटा बंद.

प्रोव्हिजनलमध्ये काय लिहायचं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण स्वस्त प्रोव्हिजनलच्या नावाखाली पान-दीड पानाचं गोलमाल वर्णन भरून देण्याची पद्धत पडली आहे. क्लेमला जुनी तारीख मिळते ती त्यातली गोष्ट प्रोव्हिजनलमध्ये खरोखर लिहिलेली असेल तरच.

ब्लोअरकडे या. पहिल्या मसुद्यात असं लिहिलं: ‘दांड्याच्या कोनानुसार केबल ओढली जाऊन बॉल व्हॉल्व्ह बंद होतो.’ अर्ज गेला. दोन महिन्यांनी बागेत लक्षात आलं, की एका बाजूचे नोझल बंद झाले की पिस्टन पंप तेवढंच पाणी ढकलत राहतो, उरलेल्या नोझलवर दाब चढतो, थेंब बारीक होतात आणि वाऱ्यावर उडतात. उपाय म्हणून व्हॉल्व्ह तीन तोंडांचा केला आणि बंद बाजूचं पाणी टाकीत परत सोडलं. आता खरा शोध हा बायपासच आहे, केबल नव्हे. तो प्रोव्हिजनलमध्ये नाही. मधल्या काळात प्रात्यक्षिक झालं, कुणीतरी परत येणाऱ्या पाइपासकट व्हिडिओ टाकला. कम्प्लीटमध्ये बायपासचा क्लेम घातला की त्याला तारीख मिळते ती कम्प्लीटची, आणि तोवर व्हिडिओ प्रसिद्ध झालेला असतो.

यावर उपाय साधा आहे. सुधारणा सापडली की तिच्यासह यंत्र बाहेर पडण्याआधी दुसरा प्रोव्हिजनल टाका. एकमेकांशी संबंधित दोन-तीन प्रोव्हिजनल मिळून एकच कम्प्लीट करता येतं, फक्त १२ महिने पहिल्या अर्जापासून मोजायचे.

मसुद्यात पर्याय भरभरून लिहा. केबल, कडक रॉड किंवा कोन मोजणारा सेन्सर आणि सोलेनॉइड. एका बाजूचे नोझल किंवा दोन्ही. कोन ‘३० अंश’ असा ठोकून देऊ नका, ‘१५ ते ४५ अंश, शक्यतो ३०’ असं लिहा. प्रत्येक भागाला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक आकृतीत आणि मजकुरात ठेवा. आकृत्या ए-४ कागदावर, काळ्या रेषांत, कंपनीचं नाव किंवा लोगो न घालता. सरळ उभं चित्र, वरून दिसणारं चित्र आणि व्हॉल्व्हचा छेद, एवढ्या तीन आकृत्या असल्या तरी परीक्षकाला कळतं. काय न केल्यास काय बिघडतं, हेही लिहा. दाब चढण्याची ती गोष्ट पुढे ‘यात नवीन काय’ या प्रश्नाचं सर्वांत भक्कम उत्तर ठरते. शीर्षक १५ शब्दांच्या आत.

अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीतच द्यावा लागतो, मराठीत चालत नाही. तरी पहिला मसुदा मराठीत, मिस्त्रीला समोर बसवून लिहा आणि मग एजंटकडे द्या. थेट इंग्रजीत सांगायला गेलं की निम्मे बारकावे गळतात.

फॉर्म आणि पैसे

महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे येतात. बेळगावचा उद्योजक चेन्नईच्या कार्यक्षेत्रात येतो. भरणा ऑनलाइन होत असल्याने फेऱ्या माराव्या लागत नाहीत.

लागतात ते असे: फॉर्म १ हा अर्ज, फॉर्म २ मध्ये वर्णन, परदेशी अर्जांच्या माहितीसाठी फॉर्म ३, संशोधकाच्या घोषणेसाठी फॉर्म ५ (तो कम्प्लीटसोबत), एजंट असेल तर फॉर्म २६, आणि लघु घटक किंवा स्टार्टअप म्हणून सवलत हवी असेल तर पुराव्यासह फॉर्म २८. लघु घटकाला उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र चालतं. गंमत म्हणजे यंत्रसामग्रीतली गुंतवणूक मध्यम उद्योगाच्या मर्यादेपर्यंत असली तरी पेटंटच्या नियमांत तुम्ही ‘लघु’च असता.

ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क व्यक्ती, स्टार्टअप, लघु घटक आणि शैक्षणिक संस्थांना १,६०० रुपये, इतरांना ८,०००. तीस पानांच्या वर दर पानाला १६० आणि दहा क्लेमच्या वर दर क्लेमला ३२० रुपये जादा (इतरांना ८०० आणि १,६००). भरताना चालू शुल्कतक्ता एकदा बघून घ्या. एजंटची फी वेगळी आणि तीच जड पडते. मान्यताप्राप्त स्टार्टअपला केंद्राच्या योजनेतून फॅसिलिटेटर, म्हणजे अर्जाचं काम करून देणारा जाणकार, मिळतो. त्याची फी सरकार देतं, तुम्ही फक्त सरकारी शुल्क भरायचं.

लाँचआधी आणखी एक दिवस: डिझाइन

पेटंटचा प्रोव्हिजनल झाला म्हणजे सगळं झाकलं, या समजुतीत डिझाइन राहून जातं. ब्लोअरच्या टाकीचा, पंख्याच्या कव्हरचा दिसायला वेगळा आकार असेल तर डिझाइन कायदा २००० खाली त्याची नोंदणी वेगळी. तिथेही वस्तू आधी उघड झालेली चालत नाही, आणि प्रोव्हिजनलसारखी १२ महिन्यांची सोय तिथे नाही. शुल्क छोट्या अर्जदारांना १,०००, इतरांना ४,००० रुपये. संरक्षण १० वर्षं, पुढे ५ वाढवता येतात. नुसत्या यांत्रिक कामासाठी असलेला आकार नोंदवला जात नाही, त्यामुळे व्हॉल्व्हच्या जोडणीला इथे जागा नाही.

आपल्याकडे नक्कल बहुतेकदा दिसण्याचीच होते, रंगासकट. अशा वेळी पेटंटच्या निकालाची वाट बघण्यापेक्षा हातातलं डिझाइन प्रमाणपत्र लवकर कामाला येतं.

लेबल

अर्ज झाल्यावर ‘पेटंट अर्ज केला आहे’ असं क्रमांकासह छापायला हरकत नाही. पेटंट मिळण्याआधी ‘पेटंटेड’ छापू नका. कलम १२० खाली २०२३च्या दुरुस्तीनंतर १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि चालूच ठेवलं तर रोजचा १,००० वेगळा. मिळाल्यानंतर ‘पेटंट’ या शब्दाशेजारी क्रमांक हवाच. क्रमांक नसेल तर नक्कल करणारा ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून नुकसानभरपाईतून सुटू शकतो.

नुसत्या अर्जाच्या जोरावर नक्कलवाल्याला धमकीची नोटीसही पाठवू नका. पेटंट मिळेपर्यंत दावा लावता येत नाही, आणि बिनबुडाच्या धमकीबद्दल कलम १०६ खाली तोच तुमच्यावर दावा लावू शकतो.

अर्जानंतरची घड्याळं

सगळ्या मुदती प्रोव्हिजनलच्या तारखेपासून मोजा, कम्प्लीटच्या नव्हे. १२ महिन्यांत कम्प्लीट, क्लेमसह. त्यानंतर वर्णनात नवीन बाब घालता येत नाही. परदेशात जायचं असेल तर तेही याच १२ महिन्यांत, थेट किंवा पीसीटीमार्गे (अनेक देशांसाठी एकच आंतरराष्ट्रीय अर्ज करण्याचा करार). १८ महिने झाले की अर्ज प्रसिद्ध होतो. ३१ महिन्यांच्या आत परीक्षणाची विनंती, फॉर्म १८, छोट्या अर्जदाराला ४,००० रुपये, इतरांना २०,०००. विनंती केल्याशिवाय अर्ज कुणी उघडतही नाही.

परदेशाबाबत एक सावधगिरी. अमेरिकेतला भाऊ म्हणतो, ‘मी इकडे पहिला अर्ज टाकतो, मग भारतात बघू.’ संशोधक भारतात राहत असेल तर कलम ३९ आड येतं. आधी भारतात अर्ज करून ६ आठवडे थांबायचं, नाहीतर फॉर्म २५ वर परवानगी घ्यायची. हे मोडलं तर भारतातला अर्ज जातोच, शिवाय शिक्षेची तरतूदही आहे.

प्रसिद्धी लवकर हवी असेल तर फॉर्म ९ (२,५०० रुपये, इतरांना १२,५००) भरला की साधारण महिन्याभरात होते. ती कधी घ्यायची, यावर आमचं मत असं: बाजारात नक्कल दिसली आणि कम्प्लीट दाखल झालेलं असेल तर घ्या. पेटंट मिळाल्यावर नुकसानभरपाई प्रसिद्धीच्या तारखेपासून मागता येते. नक्कल नसेल तर घाई करू नका. तुमचाच प्रसिद्ध झालेला अर्ज तुमच्या पुढच्या सुधारणेच्या आड येतो, म्हणून सुधारणेचा अर्ज आधी आणि फॉर्म ९ नंतर. स्टार्टअप, लघु घटक किंवा महिला अर्जदार असेल तर फॉर्म १८ए वर जलद परीक्षण मिळतं. छोट्यांना ८,००० रुपये.

परीक्षणाचा पहिला अहवाल आला की उत्तराला ६ महिने, विनंती करून आणखी ३. अहवालात पाच-सहा आक्षेप असणं नेहमीचं आहे, घाबरून क्लेम अर्धे करून टाकू नका. पेटंट मिळालं की मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण शुल्क: छोट्यांना सहाव्या वर्षापर्यंत वर्षाला ८००, दहाव्यापर्यंत २,४००, पंधराव्यापर्यंत ४,८०० आणि विसाव्यापर्यंत ८,००० रुपये. शिवाय पेटंट वापरात आहे का, याचं निवेदन फॉर्म २७ वर तीन आर्थिक वर्षांतून एकदा.

विकून झालं असेल तर

मूळ जोडणी गेली असं धरा आणि काय उरलं ते मोजा. व्हिडिओ तुमच्या संमतीशिवाय बाहेर गेला असेल आणि तुम्ही धंदा सुरू केला नसेल, तर कळल्याबरोबर अर्ज टाका. कलम २९ मध्ये त्याला आधार आहे, फक्त उशीर खपत नाही. अमेरिकेची बाजारपेठ असेल तर पहिल्या प्रकटनापासून वर्ष संपायच्या आत तिथला अर्ज होऊ शकतो, कलम ३९ची परवानगी काढून. जे अजून दाखवलेलं नाही, उदाहरणार्थ तो तीन तोंडी व्हॉल्व्ह, त्याचा स्वतंत्र अर्ज करा. मात्र विकलेल्या मॉडेलपेक्षा त्यात खरी उडी हवी, कारण आता तुमचं जुनं यंत्रच तुमच्याविरुद्धचा पुरावा आहे. नव्या मॉडेलचं कव्हर बदलणार असाल तर त्याचं डिझाइन बाजारात नेण्याआधी नोंदवा.

ट्रेडमार्कला नावीन्याची अट नाही, नाव आधी वापरलं असेल तर उलट बरंच. शुल्क दर वर्गाला व्यक्ती, स्टार्टअप आणि लघु उद्योगांना ऑनलाइन ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. अर्जात नाव कधीपासून वापरात आहे ते लिहायचं, आणि सोबत प्रतिज्ञापत्र व ते नाव छापलेलं सर्वांत जुनं बिल जोडायचं.